शनिवारची सही

बाई, परवा तुमच्या बाराव्याला कट्टा गावाच्या पुढे तुमच्या गावात येऊन गेलो. पानात वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, आणि मी जेवायचं सोडून पंगतीतल्या एकेकाचं तोंड न्याहाळत होतो. ह्याने सांगितलं असेल का? की त्या खांबाला टेकून बसलेल्या टक्कलवाल्याने? नऊ वर्षं झाली, पण चार माणसं जमली की माझे डोळे आपोआप त्याच उद्योगाला लागतात. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात आणि म्हणाला असतात, "गुरुजी, आधी खीर खावा. थंड होता ती."

तुम्ही गेल्याचं मला कळवलं ते दाजीच्या सुलूने. कणकवलीला अकरावीत आहे ती आता. फोन ठेवल्यावर पहिला हुंदका यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगू? की माझ्या आधी हिला कसं कळलं? दाजीच्या घरच्यांचा आणि तुमचा एवढा संबंध कधीपासून? अशा माणसाबरोबर तुम्ही तीन वर्षं एका शाळेत काढलीत.

आपली शाळा म्हणजे समुद्राकडे पाठ करून बसलेल्या दोन खोल्या. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाची खुर्ची माझ्याकडे. खडू मी मोजून डब्यात ठेवायचो. कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन ओढून बघायचो. कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे बदली मागून घेतलीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. किनाऱ्यावरच्या शाळेत बदली मागून कोण येतं? खारं पाणी, वर्गात वाळू, रापण लागली की अर्धा वर्ग त्या लांबलचक जाळ्याचे दोर किनाऱ्यावर ओढायला गायब. ह्या बाईंना वरून पाठवलंय, माझ्यावर लक्ष ठेवायला, असं मी धरूनच चाललो. सहा महिन्यांनी न राहवून विचारलं. तुम्ही म्हणालात, "आमच्या गावात बांगडो येता तो दुपारचो, बर्फातलो. हय सकाळी ताजो मिळता. म्हणान इलंय." मी विश्वास ठेवला नाही. नंतर तुम्हाला मासळी निवडताना पाहिलं तेव्हा ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली की तुम्ही तुमची टाचण वही माझ्या टेबलावर आणून ठेवायचात. आठवड्यात काय शिकवलं, कसं शिकवलं, मुलांना काय जमलं नाही, ते शिक्षकाने लिहायचं आणि मुख्याध्यापकाने वाचून सही करायची, असा नियम. मी सही करायचो. तुमचं अक्षर टपोरं, समास सोडलेला, तारीख वर उजवीकडे. मी खालची रिकामी जागा शोधायचो. कधी दोन-तीन आठवड्यांच्या सह्या एकदम करून मागच्या तारखा घालायचो. सगळेच मुख्याध्यापक असंच करतात, असं मी तुम्हाला एकदा सांगितलंही होतं. तुम्ही वही उचलून घेऊन गेलात.

मग तो तांबोशाचा दिवस आला. दुसरीच्या पुस्तकात माशाचं चित्र होतं आणि खाली शब्द, मासा. तुम्ही सुलूला उभं केलंत. तिने बोट ठेवून खणखणीत वाचलं, "तांबोसो." मागून दोघं ओरडली, "नाय गो, पालू तो! तोंड बघ त्याचा!" वर्गात भांडण लागलं. आवाज ऐकून मी आलो आणि पोट धरधरून हसलो. तुमचा चेहरा मात्र उतरला होता.

"गुरुजी, ही पोरां चित्र वाचतत," तुम्ही म्हणालात. "अक्षर वाचणत नाय."

"अहो, मासा म्हणण्यापेक्षा तांबोसा म्हणाली, म्हणजे जास्तच हुशार की," मी म्हणालो.

"हुशार आसत. पण वाचूक येना नाय."

मी ते उडवून लावलं. आपल्याकडे मासा नावाचा मासा कुणी बघितलाय, हा माझा विनोद मी आठवडाभर सगळीकडे सांगत फिरलो. किनाऱ्यावर होडीला टेकून दाजीलाही सांगितला. दाजी म्हणजे सुलूचा बाप, रापणीतला माणूस, शाळेच्या समितीवर सभासद. तोही हसला. नंतर म्हणाला, "पण गुरुजी, मगे तेका वाचूक येता की नाय?" मी म्हटलं, येईल रे.

त्यानंतर दोन महिन्यांनी विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले, न कळवता. मी चहा सांगितला, दप्तर पुढ्यात ठेवलं. हजेरी, आवक-जावक, दोन्ही टाचण वह्या. साहेबांनी चहा पिता पिता पानं उलटली. मग उठले, थेट तुमच्या वर्गात गेले, पहिल्या बाकावरच्या पोरीचं पुस्तक घेतलं आणि चित्रावर पंजा ठेवला. बोटं पसरून, पूर्ण झाकलं. "आता वाच," म्हणाले.

ती गप्प. पुढची गप्प. सुलू उठली, साहेबांच्या बोटांच्या फटीतून चित्राचं शेपूट दिसतंय का ते वाकून बघायला लागली. तिचं ते वाकणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही, बाई. दुसरीच्या वर्गात तीन पोरं वाचू शकली. दुसरीच्या फळ्यावरही तुम्ही पहिलीची अक्षरं लिहिली होती, त्यावरही साहेबांनी बोट ठेवलं. दुसरीच्या वर्गात पहिलीचं का शिकवताय? तुम्ही म्हणालात, "पुन्हा सुरवात केलीय, साहेब." मग ते माझ्याकडे वळले.

"मुख्याध्यापक, तुम्हाला याची कल्पना होती?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला काहीच कल्पना नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि किंचित हसले. ते हसू तुमच्यासाठी होतं असं मला वाटलं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच किडा शिरला. चित्रावर हात ठेवायचं ह्या माणसाला सुचलं कसं? आजवर इतके साहेब आले, पुस्तक उघडून वाच म्हणाले, पोरांनी घडाघडा म्हटलं, शेरा चांगला मिळाला. हा आला तो हात ठेवूनच. म्हणजे कुणीतरी आधी कान भरले होते. कोण? दाजीचा मेव्हणा पंचायत समितीत शिपाई. झालं, मला धागा मिळाला. दाजीला मीच तर सांगितलं होतं.

नोटीस दोघांना आली. वर्गशिक्षिका म्हणून तुम्हाला, शाळाप्रमुख म्हणून मला. मी दोन पानी खुलासा लिहिला. पालक अशिक्षित आहेत, मुलांना रापणीवर नेतात, घरी अभ्यास घेत नाहीत, त्यामुळे मुलांचे वाचन कच्चे राहते, यास शाळा जबाबदार नाही. तुमच्यासाठी तसाच मजकूर तयार करून सहीला पुढे केला. तुम्ही पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलात. आणि कागद परत सरकवलात.

"ह्यां खरां नाय, गुरुजी."

"खोटं काय आहे त्यात?"

"रापण खरी. पण रापण नसता त्या दिवशी पोरां आपल्याकडेच असतत."

तुमचा खुलासा एका ओळीचा होता. 'माझ्या वर्गातील मुलांना वाचता येत नाही, ही माझी जबाबदारी आहे.' मला तुमचा राग आला. ह्या बाई स्वतः मरतात आणि मला खोटं पाडतात, असं वाटलं. त्यातही संशय होताच, की ही एक ओळ लिहिण्यामागे काय डाव असेल.

माझा खुलासा गावात फुटला. पालकसभेला दाजी अंगावर गंजी-टॉवेल होता तसाच, किनाऱ्यावरून आला. उभा राहून म्हणाला, "आमका वाचूक येना नाय, म्हणान तर आमी पोरां तुमच्याकडे धाडतंव. आमका येय असतां, तर तुमी कित्याक होये होतात?" लोक हसले नाहीत. मी तिथल्या तिथे उठून त्याच्यावर चुगलीचा आळ घातला, भर सभेत. साहेबांचे कान कुणी भरले ते मला ठाऊक आहे, म्हणालो. मेव्हण्याचं नावही घेतलं. दाजी दाराकडे निघाला आणि वळला. मग म्हणाला, "गुरुजी, माका सांगूचा असतां तर तुमच्या तोंडार सांगलंय असतंय." आणि गेला. जूनमध्ये त्याने सुलूला मालवणच्या शाळेत घातलं. त्याच्यामागोमाग वाडीतली आणखी पोरं गेली. मी निवृत्त झालो तेव्हा एकाच खोलीत चारही वर्ग मावत होते. आता तर शाळा बंद करायची बोलणी चालू आहेत म्हणतात. एवढी वर्षं विचारेल त्याला मी एकच उत्तर दिलं, शाळा दाजीने रिकामी केली.

तुमची बदली त्याच उन्हाळ्यात झाली, घाटाच्या बाजूच्या गावात, मागितलेली नसताना. माझ्यावर लेखी ताकीद आली आणि ती कुठल्याशा फायलीत जिरली. निरोपाला मी नारळ आणि साडी दिली. तुम्ही निघताना मी हळूच विचारलंच, "बाई, खरं सांगा. दाजीच ना?"

तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत. "शनवारी तुमी काय करतास, ता जरा आठवा," म्हणालात. मला वाटलं विषय बदलताय. शनिवारी मी बाजार करायचो.

पुढे कट्ट्याच्या स्टॅंडवर आपण कितीदा भेटलो. दर भेटीत मी नवा संशयित घेऊन यायचो. एकदा दूधवाला, एकदा शेजारच्या शाळेतले गुरुजी. एकदा तर, सांगायला लाज वाटते, तुम्हीच. त्या दिवशी मी सरळ विचारलं होतं, तुम्ही तर नाही ना सांगितलंत साहेबांना? गाडी लागली, तुम्ही पायरीवर चढलात आणि वळून म्हणालात, "गुरुजी, तुमी सांगणाऱ्याक शोधतास. पोरांका वाचूक कित्या येना नाय, तां कोण शोधतलो?" गाडी सुटली. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, नाही म्हणाल्या नाहीत.

परवा जेवणं आटोपल्यावर तुमच्या भाचीने मला आत बोलावलं. कपाटावरून कापडात बांधलेला गठ्ठा काढला. "मावशीन सांगलेला, ह्यो गुरुजींकाच देवचो," म्हणाली. आत तीन टाचण वह्या होत्या, आपल्या शाळेतल्या. बसमध्ये सोडायला धीर झाला नाही. घरी येऊन ओटीवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, बाई, तुमची टाचण वही वाचायला घेतली.

तांबोशाच्या आठवड्याचं पान सापडलं. तुमचं टपोरं अक्षर. 'मुले चित्रावरून शब्द म्हणतात, अक्षर वाचत नाहीत. चित्र हाताने झाकून वाचन घेतले. वाचणारी मुले तीन. पहिलीची अक्षरे पुन्हा घ्यावी लागतील. मुख्याध्यापकांची परवानगी मिळावी.' खाली माझी सही. शेपूट ओढलेली, झोकदार. म्हणजे परवानगी मी दिली होती.

मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. साहेबांनी चहा पिता पिता हेच पान वाचलं होतं. वही मीच त्यांच्या हातात दिली होती. नऊ वर्षं मी ज्याला शोधत होतो तो माझ्याच टेबलावर सहीला पडला होता. गावातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, पण टाचण कुणी वाचत असेल, असा संशय मला एकदाही आला नाही. आणि ज्या दिवशी मी "मला काहीच कल्पना नाही" म्हणालो, त्या दिवशी साहेबांना माझी सही दिसली होती. हसले ते मला. त्या सहीबद्दल वरिष्ठांना काही लिहिलं नाही, कारण जबाबदार म्हणून एक नाव त्यांना पुरेसं होतं, आणि ते तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत.

तुम्ही तिथे उभ्या होता. वही टेबलावर होती. पान उघडून दाखवायला किती वेळ लागला असता? का नाही दाखवलंत? रात्रंदिवस तोच प्रश्न आता. माझी कीव केलीत? म्हाताऱ्याची दोन वर्षं उरलीत, कशाला उघडा पाडा, असं? की तुम्हाला माझी किळस आली होती आणि बोलायचंच नव्हतं? स्वभाव जात नाही बघा, इथेही मी डाव शोधतोय. आणि आणखी एक विचारतो, रागावू नका. ते पान तुम्ही मला सांगायला लिहिलं होतंत, की मी वाचणार नाही हे ओळखून साहेबांना? दोन्ही खरं असेल. याचं उत्तर तुमच्याबरोबर गेलं.

पण पुढची पानं उलटली तसा माझा तोल गेला. साहेब येऊन गेल्यानंतरच्या शनिवारपासून प्रत्येक टाचणाच्या शेवटी तुम्ही एक ओळ जास्त लिहीत होता. 'मुख्याध्यापकांनी हे वाचले असल्यास खाली फक्त "वाचले" एवढे लिहावे.' पुढच्या शनिवारी तीच ओळ. त्याच्या पुढच्या शनिवारी तीच. बदलीच्या आदल्या शनिवारपर्यंत. आणि प्रत्येक ओळीखाली माझी झोकदार सही, तारखेसकट. सुलूला निदान बोटांच्या फटीतून बघावंसं वाटलं होतं. मी ओटीवर मोठ्याने रडलो. बायको आतून धावत आली, कोण गेलं म्हणाली.

काल सकाळी वही घेऊन किनाऱ्यावर गेलो. दाजी जाळं शिवत बसला होता. नऊ वर्षांनी मला समोर बघून त्याने सुई खाली ठेवली नाही, तसाच बसून राहिला. मी वाळूत त्याच्या समोर बसलो आणि म्हणालो, दाजी, तू सांगितलं नव्हतंस.

"ता माका ठावक आसा," तो म्हणाला. "तुमका कोणी सांगलां?"

मी वही पुढे केली. मग लक्षात आलं, त्याला वाचता येत नाही. मला वाचून दाखवावं लागलं. ते पान वाचलं, खालची सही कुणाची ते सांगितलं, मग पुढची एकेक ओळ वाचली, एकेक तारीख. शेवटी दाजी म्हणाला, "बाई दर म्हयन्याक सुलूक पत्र घालीत. मोठी मोठी अक्षरां काढून. ती पत्रांच वाचता वाचता चेडू वाचूक शिकलां." त्याने जाळ्याला एक गाठ मारली. मग, "आणि त्या पत्रांत तुमची खुशाली इचारीत. गुरुजी बरे आसत ना, म्हणान."

मी माफी मागितली. त्याने "बरां" म्हटलं. माफ केलं की नाही ते मला सांगता येणार नाही, आणि संशय घ्यायचाही अधिकार आता उरलेला नाही. निघताना म्हणाला, "शाळा बंद करूची मीटिंग आसा पुढल्या आयतवारी. येशात?" मी येतो म्हणालो. शाळा कुणी रिकामी केली याचा खुलासा असा लिहीन की त्यात पहिलं नाव माझं असेल.

घरी येऊन वही उघडली. तुमच्या शेवटच्या शनिवारचं पान काढलं. तुमची ओळ परत एकदा वाचली, आणि तिच्याखाली, सहीच्या बाजूला उरलेल्या जागेत, लिहिलं, 'वाचले.' तारीख घालायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मागची तारीख घालायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. बाई, लिहिलं त्याच दिवसाची, कालचीच घातली.